घाटात मजा देणारी स्विफ्ट कोणती?

प्रश्न : बजेट सहा-सात लाख. चालवायला मजा येणारी पेट्रोल गाडी हवी. नवी स्विफ्ट घ्यावी की २०२१ ते २०२४ मधली वापरलेली? आणि कंपनीने ताकद कमी का केली?

उत्तर : वापरलेलीच घ्या, मॅन्युअल गिअरची. त्या गाडीत चार सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन आहे, ९० पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं एकक). २०२४ च्या मॉडेलपासून तीन सिलिंडर आणि ८२ पीएस. सिलिंडर कमी म्हणजे घर्षण कमी, त्यामुळे कंपनीचा मायलेजचा आकडा २२ वरून जवळपास २५ वर गेला. शहरात हे चालून जातं. पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन वरपर्यंत खेचताना जुन्याचा गुळगुळीतपणा नव्यात नाही. हा निर्णय आम्हाला पटलेला नाही.

घेण्याआधी सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाला चौथा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढले पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. किमतीतून नव्या क्लचचा खर्च वजा करून घ्या. खड्ड्यात पुढून खडखड आली तर पुढच्या सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश (रबरी तुकडे) आणि लिंक रॉड तपासा. टायरच्या बाजूवर ‘DOT’ ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात : ‘१८२१’ म्हणजे २०२१ चा अठरावा आठवडा. असे जुने, कडक झालेले टायर ओल्या घाटात पकड सोडतात, तेव्हा चारही बदलाच.