दुकानदार म्हणतो रेंज नाही, फोन म्हणतो सिम चालत नाही

प्रश्न : मी आणि माझे मिस्टर कासच्या पुढे, बामणोलीच्या बाजूला तीन खोल्यांचा होमस्टे चालवतो. पाहुण्यांना फोटो पाठवायला चांगला कॅमेरा हवा म्हणून 5 ऑगस्टला साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका दुकानातून जुना आयफोन 13 घेतला. 28,500 रुपयांना ठरला. 20,000 गुगल पेने दिले, बाकी रोख. बिल मिळालं नाही, व्हिजिटिंग कार्डामागे 'परत घेतला जाणार नाही' एवढं लिहून दिलं. 27 ऑगस्टला फोनने अपडेट मागितला, मी तो केला आणि तेव्हापासून 'सिम सपोर्ट करत नाही' असं येतं. त्याच दिवशी दुकानदाराला व्हॉट्सअॅप केलं. तो म्हणाला, 'तुमच्या खोऱ्यात त्या कंपनीला रेंजच नाही, पोर्ट करा.' पोर्ट केलं, तरी तेच. नवं सिम मुलाच्या फोनमध्ये मात्र चालतं. मुलगा म्हणतो, फोन अमेरिकेतला आहे, लॉक आहे. सिम काढलं तर खाली पातळ हिरवी पट्टी निघाली. दुकानदार आता म्हणतो, महिना उलटला. केस मोबाइल कंपनीवर करू की दुकानदारावर?

उत्तर : ताई, ती हिरवी पट्टी टाकली तर नाही ना? नसेल टाकली तर एका पाकिटात घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा. तुमच्या प्रकरणातला सगळ्यात बोलका साक्षीदार तोच आहे.

अमेरिकेत बरेच लोक फोन तिथल्या मोबाइल कंपनीकडूनच हप्त्यावर घेतात. हप्ते फिटेपर्यंत तो फोन त्या कंपनीच्या सिमशिवाय दुसरं सिम घेत नाही, त्याला कॅरिअर लॉक म्हणतात. हप्ते संपले, अटी पुऱ्या झाल्या की कंपनी लॉक काढते. काढू शकते तीच कंपनी, दुसरं कोणी नाही. असा लॉक न काढलेला फोन इकडे स्वस्तात येतो आणि सिमखाली आर-सिम नावाची चकती (तुमची हिरवी पट्टी तीच) सरकवून त्याला फसवलं जातं, म्हणजे आपलं सिम जणू त्याच कंपनीचं आहे असं दाखवलं जातं. अपडेट आला की हे सोंग उघडं पडतं. तुमचं 27 तारखेला तेच झालंय.

आपल्याकडे फोन एकीकडून आणि सिम दुसरीकडून घ्यायची सवय, त्यामुळे ही भानगड पटकन लक्षात येत नाही. तसे लॉक फोन आपणही पाहिलेत. 2017 मधला जिओफोन फक्त जिओचं सिम घेत होता. 2003 मधल्या रिलायन्सच्या 501 रुपयांच्या सीडीएमए फोनला तर सिमच नव्हतं. लॉक फोन विकणं हा गुन्हा नाही. तो लॉक आहे हे गिऱ्हाइकापासून लपवणं, ही तुमची तक्रार.

खात्री आजच करून घ्या. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट उघडा आणि 'कॅरिअर लॉक'ची ओळ बघा. मोकळ्या फोनला तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं येतं. तुमच्याकडे वेगळं काही दिसलं तर मुलाच्या फोनवरून त्याचा फोटो घ्या. ट्रे बाहेर काढून सिम आणि पट्टी दिसेल असा एक सलग व्हिडिओ करा. मग *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख-नंबर, घ्या आणि केवायएम, मधे जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस इंग्रजी अक्षरांत 14422 वर पाठवा. नंबर काळ्या यादीत, म्हणजे चोरीच्या वगैरे फोनांत, निघाला तर फोन वापरू नका, परस्पर दुकानदाराला परतही देऊ नका. तेव्हा गाठ पोलीस ठाण्याशी आहे.

आणखी एक. 'चार हजारांत कायमचा अनलॉक करून देतो' म्हणणारे तुम्हाला आता भेटतील. त्यातले काही नुसते पैसे घेऊन गायब होतात आणि काही आयएमईआयशीच खेळतात. त्या नंबरात फेरफार करणं 2023 च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फसवलं दुकानदाराने आणि आरोपी व्हायचं तुम्ही, असं नको.

आता कंपनीचं. तुमचं सिम मुलाच्या फोनमध्ये चालतं, म्हणजे कंपनीने तुमचं काहीच बिघडवलेलं नाही. तिला केसमध्ये ओढलंत तर दुकानदाराचा वकील तेवढंच धरून बसेल आणि रेंजवर वर्षभर वाद घालेल. खरोखर रेंजची तक्रार असती तर आधी 198 ला फोन, डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक), समाधान नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील, तेही फुकट. त्याउपर ग्राहक आयोग आहेच. मोबाइल कंपनीविरुद्ध तिथे जाता येत नाही, असं अजूनही काही जण सांगतात. ते 2022 पासून जुनं झालं, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीतल्या निकालात जाता येतं असं स्पष्ट सांगितलंय.

पोर्टिंग मात्र आता लगेच उलटं फिरवता येणार नाही. नवं सिम चालू झाल्यापासून 90 दिवस त्याच कंपनीत राहावं लागतं. पुढच्या वेळी पोर्टसाठी 1900 ला मेसेज करण्याआधी त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा कव्हरेज नकाशा बघा, ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांमुळे तो ठेवणं भाग आहे. आणि नकाशावर डोळे मिटून भरवसा नको. तुमच्याकडे डोंगर मधे आला की अंगणात दोन काड्या आणि माजघरात शून्य, हे नकाशाला कळत नाही. शेजारणीचं सिम घरात फिरवून बघणं जास्त खरं.

तर केस दुकानदारावरच. 'महिना उलटला' या त्याच्या म्हणण्यात तुमचा फायदाच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. बिल न देणं त्यात येतं. बिलावर मुदत नसेल तेव्हा सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणंही येतं. तुम्ही फोन घेतला 5 ला, तक्रार केली 27 ला, म्हणजे बाविसाव्या दिवशी. पुढचे दिवस गेले ते त्याच्याच सांगण्यावरून पोर्ट करण्यात. म्हणून तो व्हॉट्सअॅप संवाद जपा, एकही मेसेज पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट देऊन भागत नाही, सोबत मेसेज खरे आहेत असं सांगणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायचं. कार्डामागची ओळही फेकू नका. लपवलेल्या दोषाला ती झाकत नाही, आणि फोन त्याच दुकानातून घेतला हे मात्र त्याच्याच अक्षरात सिद्ध होतं.

रोख दिलेल्या 8,500 चा पुरावा अवघड जाईल. संवादात कुठे तरी '28,500 फायनल' असं असेल तर ते शोधा. गुगल पेवर पैसे नेमके कोणाच्या नावावर गेले तेही बघा. अशा दुकानांत ते बऱ्याचदा मेहुण्याच्या नाही तर भावाच्या खात्यात जातात. तसं असेल तर दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करायचं. दुकानाच्या पाटीचा फोटो रस्त्यावरूनच घेऊन ठेवा.

तो म्हणेल, फोन धंद्यासाठी घेतला, बाई ग्राहक नाहीत. तक्रारीत एक वाक्य न विसरता घाला : होमस्टे आम्ही नवरा-बायको स्वतः चालवतो आणि त्यावर आमचं घर चालतं. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला कायदा व्यापारी हेतू मानत नाही.

सातारा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देता येते, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. एवढ्या रकमेला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही (हे मी वकील असून, स्वतःच्याच पोटावर पाय देऊन सांगतोय). मुदत दोन वर्षांची. निकाल तीन ते पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. आयोगातल्या तारखा पाहता त्याहून जास्त वेळ धरून चाला. मागणी किंमत आणि त्यावर व्याज, पोर्ट करताना बुडालेलं रिचार्ज, त्रास आणि खर्च एवढीच ठेवा. बुकिंग बुडाल्याचे लाखभर मागायला जाल तर ते सिद्ध करताना बाकीचं कमजोर होईल.

त्याआधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पैसे परत द्यायला पंधरा दिवसांची मुदत देऊन. अशा रकमेची प्रकरणं बऱ्याचदा इथेच मिटतात. मिटवायला बोलावलं तर एकट्या जाऊ नका आणि पैसे खात्यात आल्याशिवाय फोन किंवा ती पट्टी हातात देऊ नका. पोहोच मिळाल्याची तारीख पोस्टाच्या ट्रॅकिंगवरून काढून लिहून ठेवा, पंधरा दिवस तिथून मोजायचे.