वाचकांचे प्रश्न : नामिबियात, पण पॅकेजशिवाय

प्रश्न : आम्ही चौघे मित्र जोहान्सबर्गहून बसने विंडहूकला पोहोचू. सॉसुसव्हलेच्या लाल वाळूच्या टेकड्यांपर्यंत पुढे बस मिळते का? टूरचं पॅकेज परवडत नाही. (वाचक, सातारा)

उत्तर : मिळत नाही. तिकडे बस शहरं जोडते, वाळवंटात शिरत नाही. चौघे आहात हे बरं. विंडहूकलाच गाडी भाड्याने घ्या. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि मूळ परवानाही जवळ ठेवा.

फोर-बाय-फोरचा (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीचा) खर्च टाळता येतो. टेकड्यांकडे सेसरिमच्या प्रवेशद्वारातून जायचं; या गेटपासून आत 60 किमी डांबरी रस्ता आहे. शेवटचे 5 किमी तेवढी वाळू. तिथे साधी गाडी लावून शटलने पुढे जायचं. हौसेने छोटी गाडी वाळूत घातली, तर ती हमखास रुतते.

मुक्काम गेटच्या आतल्या कॅम्पसाइटवर करा. बाहेरचं गेट सूर्योदयाला उघडतं, आतलं त्याच्या तासभर आधी. ‘ड्यून 45’ ही टेकडी गेटपासून 45 किमीवर आहे (नाव त्यावरूनच पडलं). म्हणजे बाहेर राहिलात तर पोहोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं.

खरी भीती वाळूची नाही, खडीच्या रस्त्याची. टणक थरावर सुटी खडी पसरलेली असते, तिच्यावर टायरची पकड बसत नाही. गाडी कडेला सरकली की माणूस घाबरून स्टिअरिंग झटक्यात फिरवतो, ब्रेक दाबतो आणि गाडी उलटते. 80 च्या वर जाऊच नका. घसरलीच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग हलक्या हाताने धरा. टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड सुधारते, दगडाने टायर फाटण्याची शक्यताही घटते. किती ठेवायची ते गाडी घेतानाच विचारा. डांबरीवर आलात की पुन्हा भरा.

विम्याचा कागद सही करण्याआधी वाचा. टायर, काच, गाडीचा तळ आणि दुसरं वाहन नसताना झालेली पलटी यांची भरपाई बऱ्याचदा वगळलेली असते. स्टेपनी, जॅक आणि पाना डिकीतून बाहेर काढून बघा. जॅक एकदा लावूनही बघा. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कुडू हरणं अचानक रस्त्यावर येतात.

प्रश्न : पैसे रँडमध्ये न्यावेत की नामिबियन डॉलरमध्ये? (वाचक, ठाणे)

उत्तर : रँडमध्ये. दोन्हींचा भाव एकास एक आहे आणि नामिबियात रँड सर्रास चालतो. उलट चालत नाही : दक्षिण आफ्रिकेतल्या दुकानात नामिबियन नोट कुणी घेणार नाही. सुटे म्हणून हाती आलेल्या नोटा सीमेअलीकडेच पेट्रोलला संपवा.

प्रश्न : चार्जरसाठी ॲडॅप्टर लागेल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या दोन्ही देशांत तीन जाड गोल पिनांचा सॉकेट सर्रास दिसतो, म्हणजे आपल्या गीझरच्या प्लगचाच. जाड पिनांची एक एक्स्टेन्शन बोर्ड घरून न्या; चौघांचे फोन एकाच सॉकेटवर चार्ज होतील.