मे महिन्यात उचललेली भिशी

पत्र: ताई, मी हर्णैची. बी.ए. झालं. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विकास शिकायला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरात निघायचंय. बँक तारण मागते आणि बाबा कलमांची बाग गहाण टाकायला तयार नाहीत. 'विकास शिकून कुणाचा विकास करणार?' म्हणतात. प्रवेशाची अनामत आईने मे महिन्यात भिशीतून भरली, पण ती मासळीवाली, तिला यातलं काही कळत नाही. माझा प्रवेशाचा निबंध कोकणातल्या मासळी विकणाऱ्या बायकांवरच होता. बाबांना कसं पटवू?

उत्तर: बाबांचं आधी उरकते. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँका सहसा तारण मागतातच. हापूस एका वर्षी धरतो, पुढच्या वर्षी दगा देतो, हप्ता मात्र चुकत नाही. बाबा घाबरणारच.

मी अडकले ती भिशीपाशी. मे महिन्यात उचलली ना ती? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. लिलाव नाही, ताजी मासळी जवळपास नाहीच. सुकट, बोंबील, सोडे विकून येईल तेवढाच पैसा. मे महिन्यात भिशी उचलायची ती पावसाळ्याच्या बेगमीसाठी: तांदूळ, मसाला, घराची शाकारणी. तुझ्या आईने ती बेगमी विद्यापीठाला भरून टाकली. आणि तू लिहितेस, तिला काही कळत नाही! वाचून राग आला मला.

लिलावात तिच्या शेजारी कधी उभी राहिलीस का? पाटी वाळूवर टेकते न टेकते तोच माशाचा कल्ला उचलून रंग बघायचा, हातानेच वजन जोखायचं. आज होड्या किती लागल्या, उद्या संकष्टी आहे का, बर्फ किती लागेल, दापोलीच्या बाजारात वाटा कितीला जाईल, एवढं सगळं डोक्यात धरून बोली कुठे सोडायची ते ठरवायचं. क्षणभरात.

त्याच ससेक्सच्या विकास अध्ययन संस्थेत ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी हयातीतला मोठा काळ घालवला. शिकलेल्या पाहुण्याने गप्प बसावं आणि जमिनीवर रेघा ओढायची काठी गावकऱ्यांच्या हाती द्यावी, असं त्यांचं सांगणं. लोकांनी जमिनीवर खडे, बिया, रांगोळी मांडून गावाचा नकाशा काढायचा, कुठल्या महिन्यात हाती पैसा आणि कुठल्या महिन्यात उधारी ते दाखवायचं, आणि तज्ज्ञाने शिकायचं. १९९०च्या सुमारास ही पद्धत आपल्या देशातल्या खेड्यांत खूप रुजली. त्यांचं आणखी एक म्हणणं तुला लागू पडतं. तज्ज्ञ गावात येतात ते कोरड्या महिन्यांत, रस्ते चांगले असताना. पावसाळ्यातली गरिबाची ओढाताण त्यांना दिसतच नाही. ते निदान बाहेरचे होते. तू त्याच घरात जेवतेस, बाळ.

तू जावंस असंच मला वाटतं. पण आज संध्याकाळी तो निबंध घेऊन आईजवळ बस आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मराठीत वाचून दाखव. 'असं नसतं गो' असं ती जिथे म्हणेल तिथे पेन्सिलीने खूण कर, वाद घालू नकोस. मग विचार, भिशी दिल्यावर जून कसा काढलास? उसने कुणाकडून घेतलेस, फेडायचे कधी? उत्तर येईपर्यंत उठू नकोस. बागेच्या कागदावर बाबांची सही मागायची ती त्यानंतर, आणि त्या बैठकीत आई हवीच. आंबा धरला नाही त्या वर्षीचा हप्ता तिच्याच पाटीतून जाणार आहे.

निबंधात तिने काय काय खोडलं, ते मला लिहून कळव.