मुलीला हार्मोनवर परिणाम करणाऱ्या केमिकल्सच्या टेस्टिंगमध्ये जायचंय, नोकरी मिळेल का?

ताई, पत्र वाचलं. मुलगी सांगलीत बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला, लहानपणापासून द्राक्षबागेतल्या फवारण्या बघितलेल्या, आता म्हणते ही औषधं शरीरातल्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतात का ते तपासायचं काम करायचंय, आणि नातेवाईक म्हणतात असल्या कामाला कोण विचारतंय, बीएड करू दे.

नोकऱ्या आहेत, पण नुसत्या बीएस्सीवर अवघड. २०११ पासून आपल्याकडच्या जीएलपी (चांगल्या लॅब-कामाचे ठरलेले नियम पाळणाऱ्या) लॅबचा सेफ्टी रिपोर्ट ओईसीडी या बहुतांशी विकसित देशांच्या गटातही चालतो, त्यामुळे वापी, हैदराबाद, बेंगळुरूकडे टॉक्सिकॉलॉजीच्या, म्हणजे विषारीपणा तपासणाऱ्या लॅब बऱ्यापैकी आहेत. रिसर्च करायचा असेल तर लखनौची आयआयटीआर (विषशास्त्राची सरकारी संस्था) आणि आपल्या परळची एनआयआरआरसीएच (प्रजनन आणि बाल आरोग्याची सरकारी संस्था), तिथे पीएचडीसाठी नेट किंवा तशी फेलोशिपची परीक्षा लागेल.

काम कसं असतं ते तिला आधी कळू द्या. एच२९५आर नावाच्या, हार्मोन तयार करणाऱ्या माणसाच्या पेशी २४ खणांच्या प्लेटमध्ये ४८ तास केमिकलसोबत ठेवायच्या, मग टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रॅडिओल (एक इस्ट्रोजेन) हे हार्मोन किती तयार झालं ते मोजायचं. इस्ट्रोजेनची (स्त्री-हार्मोनची) टेस्ट असेल तर मीडियमला, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाला, गुलाबी करणारा फिनॉल रेड हा रंगसुद्धा चालत नाही, कारण त्यामुळेही पेशींवर थोडा इस्ट्रोजेनसारखा परिणाम होतो! अमेरिकेत टफ्ट्स युनिव्हर्सिटीत आना सोटो आणि कार्लोस सॉननशाइन यांच्या लॅबमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी इस्ट्रोजेन न घालताच वाढायला लागल्या, खूप शोधल्यावर कळलं की प्लास्टिकच्या ट्यूबमधूनच नोनिलफिनॉल हे इस्ट्रोजेनसारखं वागणारं केमिकल सुटतंय, १९९१ मध्ये त्यांनी ते छापलं. ट्यूबवरही संशय घेणारी, प्रत्येक नोंद तिथल्या तिथे लिहिणारी पोरगी इथे टिकते, नुसते मार्क असून भागत नाही.

आणि एक गोष्ट तिच्याशी मोकळेपणाने बोला. पेशींच्या आणि कॉम्प्युटरच्या टेस्ट वाढतायत, तरी उंदीर अजून सुटलेले नाहीत. केमिकल इस्ट्रोजेनसारखं वागतं का ते बघणाऱ्या युटेरोट्रॉफिक टेस्टमध्ये मादी उंदरांना किमान तीन दिवस डोस देऊन नंतर त्यांना मारून गर्भाशयाचं वजन करतात. हे तिला झेपणार नसेल तर फक्त सेल कल्चर (लॅबमध्ये पेशी वाढवणं) किंवा केमिकल ॲनालिसिसची बाजू धरावी, तीही चांगली आहे, पण ठरवायचं आत्ताच, नोकरी लागल्यावर नाही.

एमएस्सीला ॲडमिशन घेताना कोर्सच्या भारी नावावर जाऊ नका. डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारा की सेल कल्चरचं हूड (निर्जंतुक हवेचं काम करायचं कपाट) चालू आहे का आणि विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने काम करू देतात का, आणि जमलं तर तिथल्या सीनियर मुलींनाच विचारा, त्या खरं काय ते सांगतील.