निळ्या झाकणाची नळी अर्धी भरली तर आयएनआर खोटा चढतो

ताई, आईंना ताकोत्सुबो (ताणामुळे हृदय तात्पुरतं कमजोर होणं) झालं, हृदयात रक्ताची गाठ झाली, म्हणून वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा) नागपूरला दोनदा २.३, २.४ आला आणि तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर तोच एकदम ५.१. गोळी तीच, जेवण तेच. आता वॉरफरिन बंद करू का, असं विचारलंय तुम्ही. मनाने बंद करू नका, पण बसूनही राहू नका. आजच डॉक्टरांना फोन करा आणि आजचा डोस द्यायचा की नाही तेही त्यांनाच विचारा. हिरड्यांतून वा लघवीतून रक्त, काळी शी, जोराची डोकेदुखी, यातलं काहीही असेल तर फोन सोडा, गाडी काढा.

आता नळीचं. या तपासणीची नळी निळ्या झाकणाची असते. तीन मिलीच्या नळीत ०.३ मिली सायट्रेट (रक्त गोठू न देणारं औषध) आधीच असतं, वर २.७ मिली रक्त हवं. रेघेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त पडतं, रक्त उशिरा गोठतं आणि आकडा खोटाच फुगतो. नस सापडत नाही म्हणून बटरफ्लाय सुई लावली की तिच्या नळकांडीतली हवा आधी आत जाते आणि नळी कमी भरते. म्हणून आधी एक नळी फेकायची, मग ही भरायची. भरल्यावर तीन-चारदा हळूच उलटी-सुलटी करायची, घुसळायची नाही. बर्फात ठेवायची तर अजिबातच नाही.

आमच्याकडे एका सेंटरने (नाव घेत नाही) अर्धी नळी पाठवली. फुगलेल्या आकड्यावर डोस निम्मा झाला आणि रक्ताची गाठ विरघळायची सोडून वाढली. विचारलं तर म्हणे, ‘मशीनचा रिपोर्ट आहे’. अरे, मशीनला काय माहीत नळीत किती रक्त होतं!

ताकोत्सुबोत हृदयाचं टोक फुग्यासारखं होऊन हलत नाही, रक्त तिथे साचतं, म्हणून गाठ. ती निसटली तर लकवा. हृदयाची हालचाल सुधारायला बहुधा काही आठवडे लागतात, पण ‘हृदय बरं झालं’ म्हणजे गाठ गेली असं नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा करून टोक नीट दिसलं का ते विचारा. साध्या इकोत ते कधी कधी निसटतं, मग कॉन्ट्रास्ट इको (शिरेतून औषध देऊन केलेला) किंवा एमआरआय लागतो. गोळी साधारण तीन महिने चालते, आयएनआर बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात.

गावच्या डॉक्टरांकडे ताप-सर्दीला गेलात तर आधी सांगा, ‘रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे’. कमरेत इंजेक्शन नको, डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी नको. जुलाबावर देतात त्या मेट्रोनिडाझोलने आयएनआर खराखुरा चढतो, तेव्हा गेल्या आठवड्यात जुलाबासाठी काही गोळ्या झाल्या का तेही आठवा. मेथी-चवळई बंद करू नका, रोज सारखी खा. मेडिकलवाल्याने वॉरफरिनच्या जागी असेनोकुमारॉल (रक्त पातळ करायचीच दुसरी गोळी) दिलं तर परत करा, दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे धरता येत नाहीत.

मी डॉक्टर नाही. पण उद्या नमुना देताना नळी स्वतः बघा. रेघेच्या खाली असेल तर दुसरी भरायला लावा, तोंड वाकडं केलं तरी.