वरून-खालून दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी काकांचं हिमोग्लोबिन उतरतंय आणि शी काळी होते, मूळव्याधच असेल का?

काळी शी मूळव्याधीने होत नाही. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, डोळ्यांना दिसतं.

तुमच्या काकांचं वाचलं आणि बाबा आठवले म्हणून लिहितेय. हिमोग्लोबिन ६, रक्त चढवलं की ९, दीड महिन्यात परत खाली. गॅस्ट्रोस्कोपी नॉर्मल, कोलोनोस्कोपीत थोडी मूळव्याध दिसली, झालं, सगळ्यांना कारण मिळालं. दादाचं म्हणणं शी काळी होते ती लोहाच्या गोळ्यांनी. मी जीव तोडून सांगत होते की गोळ्यांनी काळी होते पण अशी डांबरासारखी चिकट नाही होत, बाबांची कितीही पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहायची आणि तो वास एकदा घेतला की विसरत नाही. तर म्हणे, तू काय डॉक्टर आहेस का? यात अकरा महिने गेले. बाबा जिना चढताना मध्येच पायरीवर बसायला लागले.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, लहान आतडं ६ मीटरच्या आसपास असतं, दोन्ही दुर्बिणी त्याच्या टोकांपाशीच थांबतात, मधलं कोणी बघितलेलंच नाही. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळवली, त्यात लहान आतड्याच्या वरच्या भागात नुसतं रक्त दिसलं, गाठ नाही. दादा लगेच, बघ, काही नाहीये! सीटी एन्टेरोग्राफीत, म्हणजे लहान आतड्यासाठीच्या खास सीटी स्कॅनमध्ये, ४ सेंमीची गाठ निघाली, जिस्ट (GIST) नावाची. ही आतड्याच्या स्नायूच्या थरातून उगवते आणि बरेचदा बाहेरच्या अंगाला वाढते, आत फक्त एक व्रण (अल्सर) असतो, तिथून रक्त झिरपत राहतं, म्हणून कॅमेऱ्याला गाठ दिसत नाही. ऑपरेशनमध्ये आतड्याचा तेवढा तुकडा काढला, नंतर रक्त चढवायची वेळच आली नाही.

आता हेही खरं की अशा गाठी क्वचितच असतात. वयस्कर माणसांत जास्त करून आतड्यातल्या नाजूक, फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त जातं, दुखण्याच्या गोळ्यांनीही व्रण पडतात, कधी पहिल्या दुर्बिणीतच काहीतरी सुटलेलं असतं. आणि काकांना पोटात कळ येऊन उलट्या होत असतील तर कॅप्सूलच्या आधी सीटीचं विचारा, आतडं कुठे अरुंद झालं असेल तर कॅप्सूल अडकते.

पण घरात कोणी 'वयाने होतं असं' म्हणत असेल तर अजिबात ऐकू नका. दादा अजून म्हणतो कॅप्सूलचे पैसे फुकट गेले. नाही गेले. रक्त नेमकं कुठून येतंय ते तिनेच दाखवलं, म्हणून सीटीत त्या जागी बारकाईने बघितलं गेलं.