पेन्सिल सेलवरचा हिशोब

प्रश्न : काका, माझे मामा तासगावला बेदाण्याची दलाली करायचे. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या पेढीतलं कपाट आवरताना चष्म्याच्या डबीपेक्षा थोडा मोठा, उघडमीट करणारा काळपट संगणक सापडला. वर ‘एचपी 200एलएक्स’ लिहिलंय. भंगारवाला शंभर रुपये देतो म्हणतो. हा सुरू होईल का? मामांचे हिशोब त्यात मिळतील का? आणि आज त्याचा काही उपयोग आहे का?
— एक वाचक, गणपती पेठ, सांगली

उत्तर : ताई, भंगारवाल्याला चहा पाजा आणि रिकाम्या हाताने परत पाठवा. याचाच जुळा भाऊ इथे विश्रामबागेत माझ्या टेबलावर रोज चालतो. मी हळदीच्या अडत दुकानात हिशोबनीस होतो. मालकांनी हौसेनं तो मागवला, वापरला मात्र मीच, आणि नोकरी सुटताना तो माझ्याकडेच राहिला.

आधी सेलचं झाकण उघडा. आत दोन पेन्सिल सेल असतील आणि एक बटन सेल, सीआर2032. जुने सेल फुटून पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर कानकाडीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, आणि दिवसभर उघडं वाळू द्या. पाणी ओतू नका. नवे अल्कलाइन सेल घाला, बटन सेलही बदला, आणि ऑनची कळ दाबा. सहसा एवढ्यावर पडदा जागा होतो. पडद्याला मागून उजेड नसतो, म्हणून ट्यूबलाइटखाली बसून बघा. अंधारात बघून ‘मेला’ म्हणू नका.

आता मामांच्या हिशोबांचं. इथे मन थोडं घट्ट करा. या यंत्रात हार्ड डिस्क नाही. यंत्र चालवणारी प्रणाली डॉस 5.0 आणि रकान्यांत हिशोब मांडायचा प्रोग्राम लोटस 1-2-3 हे रॉममध्ये, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या चिपमध्ये, पक्के बसवलेले आहेत, ते कुठे जात नाहीत. पण माणसानं स्वतः भरलेली माहिती सी ड्राइव्हवर, म्हणजे रॅममध्ये असते, आणि ती सेलवर जगते. पेन्सिल सेल संपले तर बटन सेल धरून ठेवतो. दोन्ही संपले की पाटी कोरी. वर्षभर कपाटात पडून असेल तर सी ड्राइव्हची आशा फार धरू नका.

खरी आशा कडेच्या खाचेतल्या कार्डात. जुन्या लॅपटॉपला लागायची तसली पीसीएमसीआयए कार्डं यात बसतात. कार्ड फ्लॅशचं असेल तर सेल नसतानाही त्यातलं सगळं शाबूत राहतं. एसरॅमचं असेल तर त्याला स्वतःचा बटन सेल असतो, आणि तोही मेला असेल तर तेही रिकामं. मामा व्यापारातले, म्हणजे नक्कल ठेवायची सवय असणारच. म्हणून ती खाच बघितल्याशिवाय काही ठरवू नका. कार्ड असेल तर लोटसची निळी कळ दाबा, मग स्लॅश, मग एफ, मग आर. फायलींची यादी येईल. सी ड्राइव्हची आली तर कार्डाचा ए ड्राइव्ह निवडा. नावाच्या शेवटी डब्ल्यूके1 असलेल्या फायली लोटसच्या, म्हणजे मामांच्या पट्ट्या, विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या. मोठ्या कार्डाच्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये बसवलेलं छोटं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड निघालं तर काम आणखी सोपं: ते यूएसबी रीडरमध्ये घालून लॅपटॉपला लावा आणि फाइल लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये उघडा. एक्सेलच्या मागे लागू नका, 2007 पासूनचं एक्सेल डब्ल्यूके1 ओळखत नाही.

आणि उपयोग? माझं मत विचाराल तर आकड्यांना याच्यासारखा सोबती नाही. 1994 सालचं मशीन, प्रोसेसर जेमतेम 8 मेगाहर्ट्झचा, पण उजवीकडे आकड्यांच्या वेगळ्या कळा आहेत आणि त्या दाबल्याचं बोटाला कळतं. मी बी रकान्यात वजन टाकतो, सीमध्ये दर, डीमध्ये +बी5*सी5. खाली हमाली, तोलाई वजा. शेतकरी समोर उभा असताना पट्टी तयार. मध्येच कुणाचा फोन येऊन आकडा विसरत नाही, कारण याला फोनच येत नाही.

यातला कॅल्क्युलेटर तर सोनं. परवा शेजारच्या पोराला ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता काढून दिला: 3,00,000 रुपये, व्याज 12 टक्के, 36 महिने. हप्ता 9,964.29 रुपये, उणे चिन्हासकट, कारण ते पैसे आपल्या खिशातून जाणार. पोरगं उणे बघून घाबरलं. म्हटलं, यंत्र खरं बोलतंय.

2019 च्या महापुरात वीज गेली तेव्हा आमच्या गल्लीतले फोन एकेक करून मान टाकत गेले आणि हा पेन्सिल सेलवर चालूच. अर्थात त्यावरून कुणाला हाक मारता येत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

दोन पथ्यं. पेन्सिल आणि बटन सेल एकाच वेळी काढू नका; एक बदलताना दुसरा जागेवर आणि जिवंत हवा. आणि अल्कलाइन सेल घालून विजेच्या अडॅप्टरवर चार्जिंग चालू ठेवू नका. रिचार्जेबल वापरायचे तर ते बाहेरच्या चार्जरमध्ये भरून घाला, झंझट नको.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. फोनची कटकट नको म्हणून असल्याच यंत्रावर मराठीत आठवणी लिहाव्यात असं मनात आहे. एखादं जुनं विकत घेऊ का?
— एक वाचक, वाई

उत्तर : सर, नका घेऊ. यात देवनागरी नाही. लिहायचा प्रोग्राम, मेमो, उघडेल, पण ‘कृष्णेचा घाट’ रोमन लिपीत लिहावा लागेल, आणि चार पानांनंतर तो तुम्हालाच वाचवणार नाही. शिवाय कळा नखाएवढ्या. यंत्र दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी लिहायचं, तेही तुम्हाला आवडणार नाही. वही घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. शेतीचा किंवा सोसायटीचा हिशोब ठेवायचा विचार असेल तर पुन्हा लिहा, मग माझं उत्तर वेगळं असेल.